सासूबाईंचा खांदा

मराठी भाषेने माणसाच्या अवयवांना जी कामे वाटून दिली आहेत, त्यांत खांद्याच्या वाट्याला फार कष्टाचे काम आले आहे. नाकाला तिने अब्रू दिली, पोटाला माया दिली, डोळ्यांना लज्जा आणि राग दोन्ही दिले, हृदयाला तर काव्याची सगळी जहागीरच लिहून दिली. आणि खांद्याला काय दिले? ओझे! घराचा भार येतो तो खांद्यावर. जबाबदारी पडते ती खांद्यावर. माणूस गेला म्हणजे त्याला चार जणांनी द्यायचा तोही खांदाच. मंत्रिमंडळात बदलायची असतात ती डोकी, पण त्या प्रकाराला आपण म्हणतो खांदेपालट! खांदा हा शब्द आला संस्कृतातल्या 'स्कंधा'वरून. स्कंध म्हणजे खांदा, आणि झाडाच्या खोडाला जिथून फांद्या फुटतात तो भागही स्कंधच. खेड्यांतून फांदीला अजूनही 'खांदी' म्हणतात. ज्या कोणाला पहिल्यांदा माणसाचा हात पाहून झाडाची फांदी आठवली, त्याची दृष्टी मोठी मार्मिक असली पाहिजे.

वर्गात शब्दांचा अर्थविस्तार शिकवताना मी हे सारे सांगते. मुले हसतात, वहीत उतरवून घेतात. परंतु या वाक्प्रचारांच्या आत जो एक हाडामांसाचा सांधा असतो, तो कसा चालतो आणि चालेनासा झाला म्हणजे घराचे काय होते, याचा विचार करण्याची वेळ आणली ती माझ्या सासूबाईंनी.

२०२३ च्या उन्हाळ्यात सासूबाईंनी केस कापले.

हे वाक्य मी जितक्या सहजपणे लिहिले तितक्या सहजपणे ती घटना आमच्या घरात घडली नाही. सासूबाईंचे वय तेव्हा एकाहत्तर. कमरेपर्यंत पोचणारे केस, वयाच्या मानाने दाट. आणि पहाटे साडेपाचला आरशाकडे न पाहता, पाच आकड्यांत बसवलेला तो सुबक अंबाडा! माझ्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती. या एकोणीस वर्षांत मोकळ्या केसांच्या सासूबाई मी कधी पाहिल्या नव्हत्या. अशा सासूबाई एका दुपारी शेजारच्या बाईंबरोबर बाहेर गेल्या आणि मानेपर्यंतचे केस घेऊन परत आल्या. "उकडतं फार," एवढेच म्हणाल्या आणि चहाचे आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या.

माझी मुलगी टाळ्या पिटून नाचली. मामंजींनी दोन दिवस वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. नणंदबाईंनी दूरध्वनीवरून, "आईला हे खूळ कुणी शिकवलं?" असे मला अशा स्वरात विचारले, की कात्री जणू माझ्याच हातात होती. आमच्या इमारतीतल्या बायकांनी ही गोष्ट आधुनिकतेच्या खात्यावर जमा केली; आणि सासूबाईंनी कोणाच्याही जमाखर्चात दुरुस्ती केली नाही.

उलगडा झाला तो गौरी आल्या तेव्हा. आमच्या गौरी उभ्याच्या. त्यांना साड्या नेसवायचे काम माझे आणि नणंदबाईंचे. परंतु मुखवटे बसवायचे ते सासूबाईंनीच, असा शिरस्ता. त्या वेळी घरातल्या कोणी शिंकायचेसुद्धा नाही! त्या दिवशी त्यांनी मुखवटा उजव्या हातात घेतला, छातीपर्यंत उचलला, आणि तिथेच थांबल्या. उजवा खांदा कानाकडे वर सरकला, पण हात काही वर गेला नाही. मग त्यांनी तो मुखवटा शांतपणे माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तू बसव."

"आई, हात दुखतो आहे का?"

"दुखतो तर आहेच. वर जात नाही, मागेही जात नाही. केस काय मी हौसेनं कापले?"

आरतीची तयारी चालू होती, पाहुणे दारात होते. त्यामुळे यावर कोणी काही बोलले नाही. मामंजींनी मात्र चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

यानंतरचा महिना सल्ल्यांचा गेला. सांधेदुखी हे एक असे दुखणे आहे, की त्यावर घरोघर एकेक वैद्य असतो. कोणी निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगितला, कोणी महानारायण तेल, कोणी तव्यावर गरम केलेल्या वाळूची पुरचुंडी. 'वाताचे आहे' यावर सगळ्यांचे एकमत होते. सासूबाईंनी सगळे शेक घेतले. शेकाने बरे वाटे, आणि त्यात नवल नाही. उबेने भोवतीचे आखडलेले स्नायू सैल होतात आणि तासाभराचा आराम मिळतो. माझे माहेर अकोल्याकडचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिकडे खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, त्यांना हळद आणि लोणी चोळायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे. सासूबाईंच्या खांद्याला तेल लावताना मला हटकून त्या दिवसाची आठवण होई. परंतु खांदेमळणीने बैलाचे जू काही हलके होत नाही, आणि तेलाने सासूबाईंचा हात वर जाईना. अखेरीस आम्ही अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टर मध्यम वयाचे, बोलायला मोकळे. त्यांनी प्रथम सासूबाईंना कोपर कमरेला चिकटवून ठेवायला सांगितले आणि दार उघडावे तसा पुढचा हात बाहेर वळवायला सांगितला. डावा हात छान वळला. उजवा जेमतेम दोन बोटे हलला. मग त्यांनी स्वतः तो हात धरून वळवून पाहिला. तरीही तो तिथेच अडला. आतून हलकासा 'करकर' असा आवाज आला. मी तो ऐकला, आणि सासूबाईंनी तर तो रोजच ऐकला असणार.

"काकू, या खांद्याला पूर्वी कधी मार लागला होता?"

सासूबाईंनी मामंजींकडे पाहिले. १९९१ च्या पावसाळ्यात त्या गावाकडच्या विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या होत्या. खांदा निखळला होता, तो बसवला गेला, तीन आठवडे हात झोळीत होता, आणि मग सगळेच ती गोष्ट विसरून गेले. खांदा मात्र विसरला नव्हता.

डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढून घेतले आणि उजेडावर धरून आम्हांला समजावले. त्यांनी सांगितले ते, आणि नंतर मी वाचून पाहिले ते, असे मिळून जे कळले ते इथे सांगते. कारण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कोणी तरी हात वर न जाणारे माणूस आहे, आणि सगळ्यांचे निदान 'वात' या एकाच शब्दावर येऊन थांबते.

कमरेचा सांधा म्हणजे खोल उखळात बसलेला गोळा. खांद्याचे तसे नाही. दंडाच्या हाडाच्या टोकाला एक गोळा आहे आणि पाठीमागच्या फऱ्याच्या हाडाला एक उथळ बशी आहे. बशीत लिंबू ठेवावे तसा तो गोळा त्या बशीला टेकलेला असतो. एका वेळी त्याचा पाव किंवा फार तर एक-तृतीयांश भागच बशीला लागतो. म्हणून तर शरीरातला सर्वांत मोकळा सांधा खांद्याचा आहे. आपण पुढे वाढतो, मागे हात नेतो, डोक्यावरून हंडा उतरवतो, ते या उथळपणाच्या जोरावर. परंतु बशीतले लिंबू घरंगळायला वेळ लागत नाही. ते घरंगळू नये म्हणून बशीला चिवट कूर्चेचा एक काठ आहे, आणि चार स्नायूंच्या दोऱ्या त्या गोळ्याला चारी बाजूंनी बशीकडे ओढून धरतात. हात पूर्ण वर नेताना जो १८० अंशांचा प्रवास होतो, त्यातला सुमारे १२० अंशांचा या गोळ्याचा असतो आणि उरलेला ६० अंशांचा खुद्द फऱ्याच्या हाडाचा. गोळा अडला, की बिचारा फरा त्याचेही काम करू पाहतो. गौरींपुढे सासूबाईंचा खांदा कानाकडे का सरकला, ते मला डॉक्टरांच्या त्या खोलीत कळले.

गोळ्यावर आणि बशीवर एक-दोन मिलिमीटर जाडीचे गुळगुळीत अस्तर असते. तीच कूर्चा. आत थोडे वंगण असते, आणि त्या दोहोंमुळे हाडावर हाड कधी घासत नाही. या कूर्चेचे एक वैशिष्ट्य असे, की तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. म्हणजे झिजताना ती ओरडत नाही. आणि रक्त पोचत नसल्यामुळे झिजल्यावर फारशी भरूनही येत नाही. दुखणे सुरू होते ते पुढे, जेव्हा तिच्याखालचे हाड आणि भोवतीचे आवरण तक्रार करू लागते तेव्हा. डॉक्टर हे सांगत असताना मी सासूबाईंकडे पाहिले. त्या चित्राकडे पाहत होत्या.

क्ष-किरणांचा शोध राँटगेनने १८९५ साली लावला, आणि त्याने काढलेले सर्वांत प्रसिद्ध चित्र आहे त्याच्या पत्नीच्या हाताचे. बोटांची हाडे आणि त्यांतल्या एका बोटात अंगठी! या चित्रांत कूर्चा दिसत नाही. त्यामुळे निरोगी सांध्याच्या चित्रात दोन हाडांच्या मध्ये एक काळी फट दिसते. ती फट म्हणजेच कूर्चा. सासूबाईंच्या डाव्या खांद्यात ती स्पष्ट होती. उजव्या खांद्यात गोळा बशीला थेट टेकला होता, आणि गोळ्याच्या खालच्या कडेला हाडाचा एक टोकदार वाढावा लोंबत होता. "याला आम्ही बोकडाची दाढी म्हणतो," डॉक्टर म्हणाले. झिजणाऱ्या सांध्याने आपला पृष्ठभाग वाढवण्याची केलेली ही धडपड असते. पण तिनेच हालचाल आणखी अडते.

खांद्याची अशी झीज गुडघ्याइतकी सर्रास आढळत नाही, कारण खांद्यावर आपण उभे राहत नाही. तरी खांद्याला विश्रांती आहे असे मात्र समजू नये. रिकामा हात नुसता बाजूला आडवा धरला, तरी त्या सांध्यावर येणारा दाब जवळजवळ आपल्या अंगाच्या वजनाइतका भरतो. कारण लांब दांडीच्या टोकाचा भार जवळच्या स्नायूंना पेलावा लागतो. पन्नाशी-साठीनंतर ही झीज वाढते, आणि स्त्रियांत ती अधिक दिसते. जुना अस्थिभंग, निखळलेला खांदा, वर सांगितलेल्या चार दोऱ्यांपैकी एखादी तुटणे, आमवातासारखा दाह, ही तिची आणखी कारणे.

प्रत्येक आखडलेला खांदा मात्र झिजलेला नसतो. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, जो खांदा धरतो त्याला 'गोठलेला खांदा' म्हणतात. हे नाव बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शल्यविशारदाने १९३४ साली दिले. त्यात सांध्याभोवतीची पिशवी आखडते, पण चित्रातली काळी फट शाबूत असते; आणि बहुतेकांचा खांदा एक ते तीन वर्षांत बराच मोकळा होतो. ज्यांची दोरी तुटलेली असते त्यांचा हात स्वतःहून वर जात नाही, पण दुसऱ्याने उचलला तर पुष्कळदा जातो. तिघांचीही तक्रार एकच, 'हात वर जात नाही'. आणि तिघांचे उपाय निरनिराळे. म्हणून शेजारणीच्या खांद्याला जे लागू पडले ते आपल्या खांद्याला लागू पडेलच असे नाही. हा कॉडमन मोठा विलक्षण माणूस होता. रुग्णालयाने प्रत्येक रोग्याची निदान वर्षभर तरी चौकशी करावी आणि उपचाराचा अखेरचा परिणाम काय झाला तो नोंदवावा, असा त्याचा हट्ट होता. या हट्टापायी त्याने सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला.

"मग आता यावर उपाय?" ह्यांनी विचारले.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. झिजलेली कूर्चा पुन्हा उगवून आणील असे औषध आजतरी नाही. वेदनाशामक गोळ्या आहेत, पण सासूबाईंना रक्तदाब असल्यामुळे त्यांतल्या काही जपून घ्यायच्या. मूत्रपिंडाला आणि जठराला त्या मानवत नाहीत. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देता येते, त्याने काही आठवडे किंवा थोडे महिने आराम मिळतो. पण ते वरचेवर घ्यायचे नाही. व्यायाम आहे. आणि शेवटी सांधा बदलणे आहे.

खांद्याचा सांधा बदलता येतो हे आम्हांला ठाऊक नव्हते. गुडघे बदललेली माणसे आमच्या इमारतीतच तीन आहेत, पण खांदा? आणि नवल असे, की खांद्याची ही कथा फार जुनी निघाली. १८९३ साली पॅरिसमध्ये पेआँ नावाच्या शल्यविशारदाने क्षयाने खांदा नासलेल्या एका ३७ वर्षांच्या पाववाल्याला प्लॅटिनमचा आणि कडक केलेल्या रबराचा खांदा बसवला. तो तयार केला होता एका दंतवैद्याने! सुमारे दोन वर्षांनी जंतुदोषामुळे तो काढावा लागला. पुढे न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला, गोळ्याचे तुकडे झालेल्या रोग्यांसाठी धातूचा गोळा बनवला, आणि झिजलेल्या सांध्यासाठी धातूचा गोळा व प्लॅस्टिकची बशी अशी जोडी वापरून १९७४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. फ्रान्समधल्या दिजाँचे पॉल ग्रामाँ यांनी तर कमालच केली. ज्यांच्या स्नायूंच्या दोऱ्या तुटल्या आहेत त्यांचा गोळा बशीवर ठरत नाही. म्हणून १९८५ साली त्यांनी सांधाच उलटा केला. बशीच्या जागी गोळा, गोळ्याच्या जागी बशी! त्यामुळे दंडावरचा मोठा स्नायू एकटाच हात उचलू शकतो. निसर्गाने घातलेली मांडणी उलटी करून चालवून दाखवणाऱ्या या माणसाला माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षिकेनेही मनोमन नमस्कार केला.

घरी आल्यावर ह्यांनी जाहीर केले, की शस्त्रक्रिया करून टाकायची. दिवाळीआधी झाली तर उत्तम. नणंदबाईंचे मत, या वयात चाकू नको. मामंजी म्हणाले, तिला त्रास होतो आहे ना, मग करावीच. तीन दिवस आमच्या घरात खांद्यावर परिसंवाद चालला होता, आणि त्यात खांद्याची मालकीण सोडून सगळ्यांनी भाग घेतला होता. चौथ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला सासूबाई म्हणाल्या, "उद्या मला डॉक्टरांकडे ने. तू एकटी चल. मला त्यांना चार गोष्टी विचारायच्या आहेत."

हे म्हणाले, "अगं आई, मी येतो ना."

"तू कशाला? खांदा माझा आहे."

डॉक्टरांच्या पुढ्यात बसून त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडावी तसे एकेक प्रश्न सोडले. पहिला प्रश्न, "सांधा बदलला तर मला अंबाडा घालता येईल?" डॉक्टर क्षणभर थांबले. म्हणाले, "दुखणं बहुतेक जाईल, याची पुष्कळ खात्री देतो. हात आतापेक्षा वर जाईल. पण तो डोक्यामागे जाऊन अंबाडा घालण्याइतका वळेल, याचं वचन देत नाही." दुसरा प्रश्न, "किती दिवस पराधीन राहीन?" काही आठवडे हात झोळीत आणि काही महिने व्यायाम. "किती वर्षं टिकेल?" बहुतेकांचा दहा वर्षांहून अधिक टिकतो, पण जंतुदोषाचा आणि सांधा सैल होण्याचा धोका थोडा का होईना असतोच. आणि चौथा, "आज केलं नाही तर उद्या करता येणार नाही, असं आहे का?"

"तसं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण फार काळ थांबलं तर बशीचं हाड झिजत जातं, स्नायू दुबळे होतात, आणि मग काम अवघड होतं. दर वर्षी चित्र काढून पाहू. कधी करायचं ते मात्र चित्रावरून ठरत नाही. ते तुमच्या दुखण्यावरून ठरतं."

"मग ज्या दिवशी रात्रीची झोप जाईल त्या दिवशी येईन," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या.

रिक्षात बसल्यावर मी त्यांच्याकडे पाहिले. मराठीची पदवी नसताना चार प्रश्नांत इतका नेमका निबंध मांडणारे दुसरे माणूस मी पाहिलेले नाही.

मग व्यायाम सुरू झाला. शिकवायला येणारी मुलगी पंचविशीची, पण तिचा दरारा मुख्याध्यापिकेचा. ओट्याला डाव्या हाताने धरून पुढे वाकायचे आणि उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल झुलू द्यायचा. हा व्यायाम कॉडमनच्याच नावाने ओळखला जातो. लाटण्याची दोन टोके दोन हातांत धरून, डाव्याच्या जोराने उजव्याला बाहेर ढकलायचे. आणि भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढायची, कोळी चढतो तशी. जिथवर बोटे पोचतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. आमच्या बैठकीच्या खोलीतल्या त्या भिंतीवर माझ्या मुलीच्या उंचीच्या खुणा आहेत, वाढदिवसावाढदिवसाच्या. त्यांच्या शेजारी आता आजीच्या खुणा उमटू लागल्या. मुलगी वर्षाला चार-पाच बोटे चढे. आजीला चार बोटे चढायला सात महिने लागले, आणि तिथून पुढे खूण हलली नाही. "झिजलेल्या सांध्यात याहून फार मागू नये," ती मुलगी म्हणाली. "आहे ते टिकवायचं." दुखणे मात्र बरेच निवळले. खांद्याभोवतीचे स्नायू बळकट झाले, म्हणजे सांध्याच्या वाटेचा भार ते उचलतात.

घरानेही थोडे व्यायाम केले. रोजच्या वापरातले डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आले. पुढून बटणे असलेली पोलकी शिवून झाली. रात्री निजताना उजव्या दंडाखाली एक लहान उशी आली. पाण्याची बादली दोन तांब्यांच्या फेऱ्यांत वाटली गेली. यातले काहीही कोणी ठरवून, सभा भरवून केले नाही. एके दिवशी एक डबा खाली आला आणि मग बाकीचे त्याच्यामागून आले.

एक गोष्ट मात्र सासूबाईंनी ठरवून केली. त्यांनी केस पुन्हा वाढवले. २०२४ च्या दिवाळीत ते खांद्याखाली आले होते. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले, फराळाची ताटे मांडायची होती, आणि मी ओट्यापाशी असताना सासूबाई फणी, तेलाची वाटी आणि पाच आकडे घेऊन आल्या. स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसल्या.

"घालून दे," म्हणाल्या.

एकोणीस-वीस वर्षे ज्या घरात आम्ही दोघी एका ओट्यावर वावरलो, त्या घरात मी त्यांच्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. पाया पडताना पायांना लावला तेवढाच. त्यांच्या मानेवर, केसांच्या मुळाशी, एक लहानसा तीळ आहे. तो मला तेव्हा दिसला. मी केस विंचरले, पीळ दिला, गुंडाळले. हाताला सवय नव्हती. त्यांनी डाव्या हाताने अंबाडा चाचपून पाहिला.

"सैल आहे. सोड, पुन्हा घाल."

मी पुन्हा घातला. तिसऱ्या खेपेला त्या काही बोलल्या नाहीत आणि उठून चकल्यांचा डबा काढायला गेल्या. तेव्हापासून रोज पहाटे ही दहा मिनिटे आमची असतात. पाठमोऱ्या माणसाशी बोलणे सोपे जाते, असे मला दिसून आले आहे. या दहा मिनिटांत त्यांनी मला त्यांच्या आईविषयी सांगितले, अकरावीनंतर सुटलेल्या शिक्षणाविषयी सांगितले, आणि विहिरीवर पडल्या त्या पावसाळ्याविषयीही सांगितले. कोपरापासून हात सोडवून घेतला तेव्हा धुणे तसेच पडले होते, आणि ते आधी कोणाला तरी घेऊन यायला सांगितले, मग खांद्याचे सांगितले. हे सांगताना त्या हसत होत्या.

दर वर्षाचे चित्र दोनदा काढून झाले आहे. फट नाहीच, पण बशीच्या हाडाने धीर धरला आहे, असे डॉक्टर म्हणतात. रात्रीची झोप अजून शाबूत आहे. ती जाईल त्या दिवशी काय करायचे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आता त्यावर परिसंवाद होत नाही.

यंदा, २०२५ च्या गौरींच्या आठ दिवस आधी सासूबाईंनी माळ्यावरून गौरींचे लोखंडी सांगाडे काढायला लावले. ते दोन्ही त्यांनी ह्यांच्याबरोबर कोपऱ्यावरच्या लोहाराकडे पाठवले आणि पायांतून प्रत्येकी एक वीत कापून आणले. नणंदबाई आल्या त्या दारातच थबकल्या. "अगं आई, गौरी ठेंगण्या झाल्या की!"

"होऊ देत," सासूबाई म्हणाल्या. "निऱ्या दोन जास्त घाला म्हणजे झालं."

मग आम्ही साड्या नेसवल्या, निऱ्या दोन जास्त घातल्या. सासूबाईंनी मुखवटा उजव्या हातात घेतला, छातीपर्यंत उचलला, तिथून आणखी चार बोटे वर नेला, आणि नीट बसवला. घरातले कोणी शिंकले नाही.